लघवीवाल्या बाई

एस्टीच्या कंडक्टरकडं किस्से असतात, शाळेच्या मास्तरांकडं असतात, तलाठ्याकडं तर पोतंभर असतात. पण ते लोक आपले किस्से जेवताना सांगू शकतात. माझं तसं नाही. मी धाराशिवला एका मुतखड्याच्या हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांची लघवी तपासते. मागं एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईंनी मोठ्या प्रेमानं विचारलं, "तुम्ही काय करता हो?" मी सांगितलं. बाईंनी आपलं जिलेबीचं ताट हळूच पलीकडं सरकवलं!

बरं, घरी सांगायला कुणी असतं तर रोजचा किस्सा रोज संपला असता. घरी कुणी नाही. नवरा नावाचं प्रकरण लवकरच आटोपलं, आई-वडील गेले, भाऊ पुण्याला. तो रविवारी फोन करतो, "बरं आहे ना?" विचारतो, आणि मी "बरं आहे" म्हणते. त्यात लघवीचा किस्सा कुठं बसवू? म्हणून साठत गेले. आता तुम्ही सापडलाय, तर बसा!

*

कल्चर म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढं गोंधळ होईल. लघवीचा थेंब प्लेटवर लावायचा, प्लेट उबदार पेटीत ठेवायची, आणि दोन दिवसांनी त्यात कोणते जंतू उगवलेत, कोणत्या औषधानं मरतात ते बघायचं. त्यासाठी आम्ही पेशंटला एक निर्जंतुक, सीलबंद बाटली देतो. मी प्रत्येकाला बजावते, "पहिली धार सोडा, मधली धार धरा, झाकण लावा, लगेच आणा."

कळंबच्या एका माणसाचं कल्चर बघते तर प्लेटवर नुसती जत्रा! इतके प्रकारचे जंतू एका माणसात राहूच शकत नाहीत. त्याला म्हटलं, "दादा, बाटली उघडून कुठं ठेवली होती का?"

"न्हाय हो. उलट मंडळीनं घासली की."

"घासली? सीलबंद बाटली घासली?"

मंडळी मागंच उभी होती, पदर सावरून पुढं आली. "मग काय तर! एवढ्या मोठ्या दवाखान्यात द्यायची बाटली तशीच पाठवू व्हय? भांड्याच्या चोथ्यानं घासली, रांजणातल्या पाण्यानं खळबळली, माज्या पदरानं पुसली. आमच्या घरातून अशी तशी वस्तू जात न्हाय!"

नवरा अभिमानानं बायकोकडं बघत होता. मी दुसरी बाटली दिली आणि सांगितलं, "वहिनी, हिला हात लावायचा नाही." त्यानंतर ती बाई माझ्याशी बोलली नाही.

*

केराबाई आजी आमच्याकडं आली ती श्रावणात. सास्तूरची. सोबत तिची शेजारीण मंगल होती, चाळिशीची, धिप्पाड. आजी म्हणजे काडी. ताप, कंबर धरलेली, आणि किडनीत केवढा तरी खडा.

सरांनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, नेहमीचं विचारलं, "घरी कोण असतं, आजी?"

"भूकंपानं कुणी ठेवलं न्हाय," आजी म्हणाली. आणि लगेच, "त्या गोळ्या जेवणाआधी का जेवल्यावर?"

तिचा खडा साधा नव्हता. जंतूंनीच वाढवलेला खडा. असा खडा म्हणजे जंतूंचं घर. औषध दिलं की लघवीतले मरतात, पण खड्याच्या आतले दार लावून बसतात. कोर्स संपला की बाहेर येतात, पुन्हा ताप, पुन्हा जळजळ. खडा काढल्याशिवाय सुटका नाही, आणि नाही काढला तर किडनी जाणार. पण लघवीत जंतू सळसळत असताना खडा फोडला तर ते थेट रक्तात घुसतात, माणूस दगावतो. म्हणून सरांचा नियम पक्का, कल्चर साफ आलं की ऑपरेशन.

आणि आजीची अडचण दुसरीच. "दसऱ्याच्या आत करा बगा, सायब. दसरा झाला की मंगल जाती ऊसतोडीला, टोळीत. मग माज्याजवळ बसायला कोण?"

आमच्या बायकांच्या वॉर्डात सोबत बाईमाणूस लागतंच. आजीला सगळ्या गावात हक्काची बाई एकच, मंगल. मंगल म्हणाली, "मुकादमाला शब्द दिलाय, सायब. दसऱ्यापतूर म्या हाय. पुढचं माज्या हातात न्हाय."

सर म्हणाले, "जंतूंना दसरा कळत नाही हो."

"तुमी त्यास्नी सांगा की!" आजी म्हणाली.

*

ढोकीचा एक ट्रॅक्टरवाला होता. त्याचा खडा बारीक, सर म्हणाले, "आपोआप पडेल. भरपूर पाणी प्या, गाळणीतून लघवी करा, खडा सापडला तर घेऊन या."

चार दिवसांनी गडी नाचतच आला. "मॅडम, पडला! टण्णकन वाजला!" रुमालाची गाठ सोडली, आत बोराएवढा काळा गुळगुळीत खडा.

मी म्हटलं, "दादा, गाळणीत सापडला का?"

"कुठली गाळणी? चहाची मागितली तर बायकोनं लाटणं उगारलं. मग गेलो बांधावर. तिथं सापडला."

"अहो, हा बांधावरचाच आहे! एवढा पडला असता तर तुम्ही नाचत आला असता का?"

त्याचं तोंड उतरलं. "पेढे वाटून झाले की हो गावात. आता काय सांगू?"

"काही सांगू नका. खरा पडेल तेव्हा गप्प बसा!"

*

आमच्याकडं एक निवृत्त मुख्याध्यापक यायचे. इस्त्रीचे कपडे, खिशाला पेन. प्रोस्टेट, खडा, इन्फेक्शन, सगळं घरचंच. त्यांच्या घरापासून लॅब लांब, आणि सॅम्पल उशिरा आलं की उगाच जंतू वाढलेले दिसतात. मी म्हटलं, "गुरुजी, सकाळी सॅम्पल घेतलं की फ्रिजमध्ये ठेवा आणि बर्फाच्या डब्यातून आणा. फक्त घरच्यांना सांगून ठेवा हं, नाहीतर कुणीतरी सरबत समजून प्यायचं!"

हा माझा ठरलेला विनोद आहे. सगळे हसतात. गुरुजी हसले नाहीत. खिशाचं पेन नीट केलं आणि म्हणाले,

"कुणाला सांगू?"

तेव्हापासून मी तो विनोद बंद केला.

*

तेरखेड्याची एक पोरगी, फटाक्यांच्या शेडवर कामाला. लग्न व्हायचं होतं. सारखं इन्फेक्शन, सोनोग्राफीत बारीक बारीक खडे. सर तिच्यावर चिडले. "पाणी पीत नाहीस ना तू? दिवसाला तीन लिटर पाणी पी!"

"पाणी पिलं की जावं लागतंय, सायब."

"मग जायचं!"

"लांब जावं लागतंय, वढ्याकडं. आदी मैत्रीण न् म्या, दोघी जायचो. एक बसायची, एक राखण करायची. तिचं लग्न झालं, ती गेली बार्शीला. आता एकटी कशी जाऊ?"

चिठ्ठीवर 'तीन लिटर पाणी' लिहून झालं होतं. ते खोडावं की ठेवावं हे सरांना कळेना, आणि मलाही. पोरगी आपली मुकाट्यानं चिठ्ठी घेऊन गेली. मला त्या दिवशी फार राग आला होता. कुणावर ते अजून ठरलं नाही.

*

भाद्रपद गेला. आजीचं कल्चर दर खेपेला तसंच. कोर्स चालू असताना जरा बरं, थांबला की तेच ते जंतू पुन्हा हजर. आजी दर वेळी सास्तूरहून एस्टीनं यायची, मंगल तिला हाताला धरून आणायची, आणि माझ्या खिडकीशी येऊन आजी एकच विचारायची, "झाली का साफ?"

"नाही, आजी."

"घटस्थापना आली की गं मंगल."

मग नवरात्रात एक दिवस बाटली आली, आणि लघवी बघते तर काय! स्वच्छ. पू नाही, रक्त नाही, वास नाही. मला एवढा आनंद झाला की खुर्चीवरून उठलेच. म्हटलं, देवी पावली! आणि मग सवयीनं साखरेची पट्टी बुडवली. पट्टी बघता बघता गडद झाली. साखरच साखर!

आजीला कधी साखर नव्हती. बोटातून रक्त घेतलं, तर रक्तातली साखर एकदम नॉर्मल. मी बाटली हातात घेऊन बाहेर आले. "आजी, ही कुणाची?"

आजी मंगलकडं बघायला लागली. मंगल पायाकडं.

"माजी," मंगल म्हणाली. "त्यांची साफ येईना. दसरा चार दिसावर आला. म्हटलं, माजी साफ हाय, माजी द्यावी."

मी अशी भडकले की सांगू नका. "अक्कल गहाण टाकली का दोघींनी? ही बघून सरांनी ऑपरेशन केलं असतं, जंतू रक्तात गेले असते! मेल्या असता, आजी!"

आजी शांतपणे म्हणाली, "मेले आसते तर सोबत लागली नसती."

मी मंगलचं बोट धरलं, टोचलं, आणि साखर बघून डोक्याला हात लावला. धिप्पाड बाई, कधी दवाखान्याची पायरी चढलेली नाही, आणि आत हे! तिला तिथल्या तिथं गोळ्या सुरू झाल्या. परत जाताना आजी तिला म्हणत होती, "बघ, माज्यामुळं तुजा रोग घावला. म्या न्हवते तर तुला कळलं आसतं व्हय?"

मंगल म्हणाली, "गप बसा आता, एस्टी चुकल."

दसऱ्यानंतर मंगल गेली.

*

दिवाळीचा एक छोटासा आहे, तोही सांगून टाकते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सगळे घाईनं घरी निघालेले. मी इनक्युबेटर उघडून प्लेटा बघत बसले होते. सरांनी दारातून पाहिलं. "ज्योती, अगं घरी जा की! जंतू काय पळून जाणारेत?"

मी म्हटलं, "तेच तर बरं आहे, सर. माझी वाट बघत दोन दिवस जागचे हलत नाहीत!"

सर खूप हसले. जाताना फराळाचा डबा देऊन गेले. मी तो प्लेटांसमोर बसून खाल्ला. हो, माहितीये, लॅबमध्ये खायचं नसतं.

*

दिवाळी झाल्यावर केराबाई आजी आली ती एकटी. थंडी वाजून दात आपटत होते, पिशवी छातीशी धरलेली. सरांनी हात लावला आणि म्हणाले, "आता वाट बघायची नाही. ऍडमिट करा. आधी शिरेतून इंजेक्शनं देऊ, जंतू दबले की खडा काढू. नाहीतर ही किडनी हातची जाईल, आणि किडनीबरोबर आजी."

वॉर्डच्या सिस्टरनं विचारलं, "सोबत कोण?"

"यायलीय मागून," आजी म्हणाली.

दुपारी विचारलं, "यायलीय मागून." संध्याकाळी विचारलं, "एस्टी चुकली आसल." दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर वैतागून माझ्याकडं आली. "मॅडम, त्या आजीचं कुणीच येत नाहीये. सोबत नसेल तर मी ऑपरेशनला कशी नेऊ? बाहेर आल्यावर तिला पाणी कोण देणार, कुशीवर कोण वळवणार?"

मी वर गेले. आजी जिन्याकडं तोंड करून पडली होती. मला बघून म्हणाली, "मॅडमबाई, यायलीय ती."

"कोण यायलीय, आजी?"

डोळे पुसले नाहीत की काही नाही, नुसती जिन्याकडं बघत राहिली. मी खाली आले आणि सरांना म्हटलं, "सर, मला सुट्टी पाहिजे."

सरांना वाटलं कानच वाजले. मी सुट्टी मागितलेली त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. "आणि लॅबचं काय?"

"लॅबला दुसरा माणूस मिळेल, सर."

सोलापूरच्या एका टेक्निशियनला बोलावलं आणि मी वॉर्डात राहायला गेले. ताप उतरला, नवं कल्चर लावलं, ते साफ आलं. खरोखरचं साफ, मी खाली जाऊन स्वतः प्लेट बघून आले! मग ऑपरेशन झालं. सरांनी बाहेर येऊन सांगितलं, "खडा निघाला. किडनी वाचली." मी बाकावर बसून रडले, खोटं कशाला बोलू?

आजी शुद्धीवर आली. संध्याकाळच्या राउंडला नवी सिस्टर होती. मी आजीला चमच्यानं पाणी पाजत होते. सिस्टर कौतुकानं म्हणाली, "आजी, लेक वाटतं? किती करतीय तुमचं!"

आजीनं माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "न्हाय. लघवीवाल्या बाई हायत त्या."

असा राग आला मला! सुट्टी टाकून आले, हिचं सगळं काढतेय, आणि लघवीवाल्या बाई! मी चमचा वाटीत टाकला आणि बाथरूमला निघून गेले. तशी त्या दिवसांत मी सारखीच जात होते. कंबर भरून यायची, जळजळ व्हायची. परत आले तर आजी टक लावून बघत होती.

"लई येळा जातीस गं."

"काही नाही, उन्हाळी लागलीय जराशी."

"कवापासून?"

"झोपा आता, आजी."

डिस्चार्ज झाला. तिला मी एस्टीत बसवून दिलं. महिन्यानं तपासणीला आली, ताठ चालत, एकटी. बाटली दिली, मी कल्चर लावलं. रिपोर्ट घ्यायला पुन्हा आली तेव्हा मी खिडकीतूनच ओरडले, "आजी, साफ! आता यायचं काम नाही!"

"आजाबात न्हाय?"

"अजिबात नाही. सुटलात!"

"बरं," आजी म्हणाली आणि गेली.

चांगली गोष्ट झाली, नाही का? माणूस बरं होऊन गेलं. पण सास्तूरकडची एस्टी यायच्या वेळेला माझी नजर दाराकडं जायची. मला करमायचं नाही, स्पष्टच सांगते. एवढे पेशंट बरे होऊन गेले, कुणाचं काही वाटलं नाही, आणि या काडीएवढ्या म्हातारीनं मला जीव लावून ठेवला.

आणि संक्रांत झाल्यावर एका सकाळी खिडकीत आजी उभी! परत इन्फेक्शन? परत खडा? तिनं पिशवीत हात घालून आमची बाटली काढली आणि काउंटरवर ठेवली. सील तसंच होतं.

मी म्हटलं, "आजी, ही तर रिकामी आहे."

"व्हय. तुजी आण भरून," आजी म्हणाली, आणि समोरच्या बाकावर पिशवी मांडीत घेऊन बसली. "जा. म्या हाय हितं."